भाड्याने घेतलेले पाच लिटरचे ऑक्सिजन मशीन: वणी तालुक्यातील वापराचा अनुभव

आमच्या मोठ्या काकांनी उमेदीची सारी वर्षे गिट्टीच्या क्रशरवर काढली आणि दगडाच्या बारीक धुळीने त्यांना सिलिकोसिस झाला. या आजारात फुप्फुसांत वण पडून ती ताठर होतात, त्यामुळे श्वास कितीही ओढला तरी छाती पुरती फुलत नाही. गावाजवळच्या दवाखान्यातून मात्र त्यांना बराच काळ दम्याचे पंप मिळत राहिले. धाप आणि कोरडा खोकला वाढतच गेला. नागपूरला फुंकण्याची तपासणी झाली, तेव्हा एकूण हवा फारच कमी भरली, पण तिच्यातील ७० टक्क्यांहून अधिक पहिल्याच सेकंदात बाहेर पडली. दम्यात सहसा याच्या उलट घडते. पुढे सीटी स्कॅनने निदान पक्के झाले. पडलेले वण औषधाने जात नाहीत. धूळ कायमची टाळणे, टीबीवर लक्ष ठेवणे (सिलिकोसिसमध्ये तो जडण्याचा धोका वाढतो), लसी, श्वासाचे व्यायाम आणि गरज पडेल तेव्हा ऑक्सिजन, एवढेच हाती उरते.

काकांचे ऑक्सिजनचे प्रमाण बसल्या जागी ८८ टक्क्यांखाली जाऊ लागल्यावर डॉक्टरांनी रोज किमान १५ तास ऑक्सिजन लिहून दिला, म्हणून हे मशीन आणले. ते खोलीतल्या हवेतला नायट्रोजन शोषून ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन देते. सिलिंडर भरून आणण्याची यातायात संपली, यासाठी त्याला पैकीच्या पैकी गुण. आवाज घरघरीचा आहे, पण लांब नळी लावून मशीन ओसरीत ठेवले की झोपमोड होत नाही.

खरी अडचण आमच्या घरांची आहे. वेचणीच्या दिवसांत पुढच्या खोलीत कापसाचा ढीग असतो आणि त्याचे तंतू मागच्या जाळीवर फेल्टासारखे बसतात. जाळी आठवड्याला धुतली नाही तर मशीन तापते आणि शुद्धता घसरल्याचा पिवळा दिवा लागतो. पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असे लिहिले आहे, आणि आमचा मे महिना त्यापलीकडचा, त्यामुळे टिनाच्या खोलीत ते दुपारी चालवण्यात अर्थ नाही. लाईट गेली की मशीन बंद पडते. साडेतीनशे वॅटचा भार घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर टिकत नाही, तेव्हा एक लहान सिलिंडर भरलेला ठेवावाच लागतो. चूल आणि बिडी या दोन्ही गोष्टी नळीपासून दूर हव्यात. बिडीवरून आमच्या घरी वादही झाले.

दुकानदार वागायला चांगला, पण बिघाड झाल्यावर माणूस पाठवायला त्याने फार दिवस लावले आणि तेवढ्या काळाचे भाडेही घेतले. मशीन घ्यावेच, मात्र शुद्धता दाखवणारा दिवा असलेलेच निवडावे, आणि दुरुस्तीच्या काळात बदली मशीन मिळेल हे अनामत रक्कम देण्याआधी पावतीवर लिहून घ्यावे.