ट्रक नागपूरहून निघाला म्हणे

सोलर पंपाच्या नावानं माझे 38 हजार 580 रुपये गेले. गावात अर्ध्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांना आज कळेल, कळू द्या. लाजेपायी नऊ दिवस तोंड दाबून बसलो, ते जास्त महागात पडलं, म्हणून लिहून राहिलो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. साडेचार एकर वावर, विहिरीला पाणी चांगलं पण लाईनचं कनेक्शन नाही, सगळं ओलित डिझेल इंजिनवर. तासाला लिटरभर डिझेल पिते ते, अन् थंडीच्या दिवसात हॅन्डल मारता मारता खांदा उतरते. म्हणून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' सुरू झाली तसा ऑक्टोबर 2024 मधे सेतूवर जाऊन अर्ज केला, सातबारा, आधार, पासबुक सगळं दिलं. अडीच ते पाच एकरवाल्याला 5 एचपी मिळते, आपल्या खिशातून 10 टक्के, एससी-एसटीला 5 टक्के. योजना एकदम खरी आहे, तेच तर सांगून राहिलो, फसवणारा खोट्या गोष्टीवर नाही फसवत, खऱ्या गोष्टीच्या बाजूला दुकान लावते.

अर्ज केला अन् तिकडून काहीच नाही. चार महिने गप्प. फेब्रुवारीत गव्हाला पाणी चालू होतं, इंजिन बंद करून फोन उचलला तं पोरगा एकदम गोड बोलला, "सर, अभिनंदन, तुमचा पंप मंजूर झालाय." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सर म्हटलं असेल. माझं नाव, गाव, गट नंबर, किती आर जमीन, सगळं फाडफाड सांगितलं. आता एवढं माहीत आहे म्हणजे ऑफिसातलाच माणूस, असं मी धरलं. नंतर कळलं की सातबारा ऑनलाईन कोणालाही पाहता येते. आणि अर्ज क्रमांक? तो त्यानं मलाच विचारला! मी पाकिटातली पावती काढून वाचून दाखवली बावा.

पहिले 1,180 सर्व्हे फी. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीचं पत्र आलं, त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, सही, अन् 'सौर' च्या जागी 'सोर' लिहिलेलं. पाहिलं मी ते, वाटलं सरकारी टायपिंग असंच असते. मग हिश्शाचे 22,900. क्यूआर स्कॅन केला तं नाव एका बाईचं आलं, मी विचारलं हे कोण, तो म्हणे "अकाउंट ऑफिसर मॅडम आहेत सर, आज भरलं तर याच लॉटमध्ये येईल." भरले. सोयाबीनच्या चुकाऱ्यातले होते ते.

दोन दिवसांनी ट्रकचा फोटो आला. मागं पॅनल लादलेले, बाजूला पिवळ्या टीशर्टातला एक पोरगा उभा. नागपूरहून निघाला, फक्त वाहतूक विमा 14,500, पंप बसला की परत मिळेल. तेही भरले. वरून 1,800 मजुरी देऊन विहिरीजवळ स्टँडचे तीन खड्डे खोदून ठेवले, म्हटलं गाडी आली की खोळंबा नको.

बायको रोज विचारे. पाचव्या दिवशी म्हणे, "नागपूरहून यवतमाळले याले पाच दिवस लागते का जी?" तोपर्यंत फोन बंद लागत होता. मी म्हटलं टायर फुटला असेल. तिला नाही, स्वतःलाच सांगत होतो ते.

खरं उघडं पडलं आठवडी बाजारात. चहाच्या टपरीवर एक ओळखीचा भाऊ म्हणे, माझाही पंप रस्त्यात आहे, अन् फोटो दाखवला. तोच ट्रक, तोच पिवळा टीशर्ट! मी काही बोललोच नाही, चहा तसाच ठेवून उठलो. त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्याचा विमा वाचला एवढं बरं झालं.

मग 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावला. तिथल्या मुलीनं व्यवहाराचा 12 आकडी नंबर विचारला, तारीख विचारली, मी सांगितली तं थोडा वेळ काही बोललीच नाही. म्हणे काका, पहिल्या एक-दोन तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, आता कुठून कुठं गेले असतील. तक्रार घेतली, ठाण्यातही जाऊन दिली. अजून रुपया आला नाही.

तर भाऊ, हिस्सा भरायचा तो पोर्टलवर, स्वतःचा अर्ज क्रमांक टाकून, कोण्या माणसाच्या नावाच्या क्यूआरवर नाही. पंप देणारी कंपनीपण आपणच पोर्टलवर निवडतो, ट्रक असा स्वतःहून निघत नाही. केंद्राच्या सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावानं खोट्या वेबसाइट निघतात, हे केंद्राच्याच मंत्रालयानं कितीदा सांगितलं, पण वावरात कोण वाचते. अन् आजकाल ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल (फोनमधे अ‍ॅप बसवणारी) फिरते, ती तं हातच लावू नका, दाबली की एसएमएस ओटीपी सगळं त्यांच्याकडं जाते.

मागच्या महिन्यात मेसेज आला, मंजूर झाला, हिस्सा भरा. तीन दिवस मी उघडलाच नाही. चौथ्या दिवशी एसटीनं तालुक्याच्या ऑफिसात गेलो, फोन समोर धरला. बाबूनं मान वर न करता पाहिलं, "खरा हाय, पोर्टलवर भरून टाक." सर नाही म्हटलं, काही नाही. तेव्हा कुठं भरवसा वाटला.

आता सर्व्हेवाला येऊन गेला. म्हणे खड्डे बुजवा काका, इथं दुपारनंतर निंबाची सावली येते.