किळस येते तेव्हा टॅपिंग करायचं की एक्स्पोजर? माझा दोन्हीचा अनुभव

बाबांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटाला स्टोमाची (म्हणजे शौच बाहेर यायला पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी लागली आणि ती बदलायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी पिशवीची चिकट चकती त्वचेवरून सोलताना वास आला आणि मला जोरात उमासा आला, बाबांनी ते बघितलं आणि मान भिंतीकडे फिरवली. वासाची किळस होतीच, पण आपल्याच बापाची किळस येते याची शरम त्याहून जास्त होती. त्या दोन महिन्यांत मी टॅपिंग पण केलं आणि काउन्सेलरकडे जाऊन एक्स्पोजर पण केलं, म्हणून ज्यांचं काय करू काय करू चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

टॅपिंग म्हणजे ईएफटी, इमोशनल फ्रीडम टेक्निक, शरीरावरच्या ठरावीक जागांवर बोटांनी टकटक करायची पद्धत. रॉजर कॅलहान या अमेरिकन सायकॉलॉजिस्टच्या पद्धतीवरून गॅरी क्रेगने 1990 च्या दशकात सोपी करून आणली. करायचं एवढंच की त्रास 0 ते 10 मध्ये किती ते आधी ठरवायचं, करंगळीखालच्या तळहाताच्या कडेवर दोन-तीन बोटांनी टकटक करत तीनदा म्हणायचं की मला असं असं होतंय तरी मी स्वतःला आहे तशी स्वीकारते, मग भुवईची सुरुवात, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, कॉलरबोनखाली, काखेखाली आणि टाळू, प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा. एक राउंड दोन मिनिटांत होतो, खर्च शून्य.

मी बाथरूममध्ये नळ सोडून करायचे, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. "बाबांच्या वासाने मला ओकारी येते तरी..." हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं तेव्हा रडूच फुटलं. आकडा 8 वरून 5 वर आला. पण नंतर नीट बघितलं तर उतरली होती ती शरम आणि छातीतली धडधड, पिशवी उघडली की उमासा तसाच येत होता.

एक्स्पोजर याच्या उलट, यात किळस शांत करून मग जायचं नाही, किळस असतानाच थांबायचं. काउन्सेलरने पायऱ्या पाडून दिल्या. आधी नवी कोरी पिशवी हातात धरून बसायचं. मग ती स्वतःच्या पोटाला चिकटवून दिवसभर घरात वावरायचं (हे मी केलं, बसताना-उठताना ती खाली ओढली जाते आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाबा काय घेऊन फिरतायत). मग पिशवीत कोमट पातळ पिठलं भरून ती रिकामी करायची. मग नर्सच्या शेजारी उभं राहायचं, आणि शेवटी स्वतः बदलायची, नंतर साबणाने हात एकदाच नीट धुवायचे, पाच-पाच वेळा नाही. पिठल्याच्या दिवशी मी दोनदा उठून गेले आणि दोनदा परत येऊन बसले. सगळं धरून तीन आठवडे लागले, सोपं अजिबात नव्हतं, पण उमासा गेला तो यानेच.

किळस भीतीसारखी पटकन उतरत नाही हे काउन्सेलरने आधीच सांगितलं होतं. दुधात केस निघाला की केस काढून टाकला तरी ते दूध जात नाही ना, तसंच. पॉल रोझिनच्या 1986 च्या प्रयोगात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ ज्यूसमध्ये बुडवून काढलं होतं, तरी लोकांना तो ज्यूस नकोसा झाला. म्हणजे धोका नाही हे डोक्याला पटवून भागत नाही, शरीरालाच पुन्हा पुन्हा सवय द्यावी लागते.

आता टॅपिंगचे पॉइंट खरंच काही करतात का? 2003 मध्ये वेट आणि होल्डर यांनी कॅनडात 119 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी ईएफटीच्या पॉइंटवर टकटक केलं, काहींनी हातावर भलत्याच जागी, काहींनी चक्क बाहुलीवर, आणि भीती तिन्ही गटांत सारखीच कमी झाली, काहीच न केलेल्या गटात मात्र नाही. म्हणून मेरिडियन (शरीरातून ऊर्जा वाहते म्हणतात त्या वाटा), एनर्जी वगैरेवर माझा विश्वास नाही, आणि त्यासाठी हजारो रुपयांचा कोर्स तर मुळीच घेऊ नका. पण थांबणं, जे वाटतंय ते मोठ्याने म्हणणं आणि बोटांना काम देणं याने लाट ओसरते हे मी अनुभवलंय.

तर निवडताना असं बघा. किळशीसोबत अपराधीपणा, राग, धडधड असेल आणि काम तुम्ही कसंबसं का होईना करत असाल, तर टॅपिंगने सुरुवात करा. पण तुम्ही ती खोली, तो माणूस, ते काम टाळायला लागला असाल तर एक्स्पोजर, आणि ते शिकलेल्या माणसाच्या हाताखालीच. रक्त किंवा सुई बघून चक्कर येत असेल तर दोन्हीच्या आधी तिसरीच गोष्ट शिका, कारण तिथे ब्लडप्रेशर एकदम पडतं आणि अंग सैल सोडून उपयोग होत नाही. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश सायकॉलॉजिस्टच्या पद्धतीत उलट हात, पाय, पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळतात, मग थोडं सोडतात, परत आवळतात.

ओसीडी असेल, म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती थांबवता न येण्याचा आजार, सतत हात धुणं चालू असेल, तर टॅपिंग जपून. हात धुण्याच्या जागी टॅपिंग येतं आणि त्याचाच नवा नेम होऊन बसतो.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखाद्या माणसाची किळस येते कारण त्याने तुमच्याशी काहीतरी घाणेरडं केलंय, तर ती टॅप करून घालवायच्या मागे लागू नका. ती किळस तुम्हाला त्याच्यापासून लांब ठेवतेय. आधी विश्वासातल्या कुणालातरी सांगा, आणि त्या आठवणींवर काम करायचं ते थेरपिस्टसोबत, एकट्याने यूट्यूब लावून नाही. कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं.