कॅल्साइट, खिडकीची काच की साखरेचा पाक?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ध्रुवित प्रकाशाचा (म्हणजे ज्याची कंपनं एकाच दिशेत होतात अशा प्रकाशाचा) एखादा जुना प्रयोग मांडायचा असेल, तर निवड मुख्यतः या तिघांतच करायची असते. माझं मत आधीच सांगते. पैसे एकाच वस्तूवर खर्च करता येणार असतील, तर स्वच्छ कॅल्साइट (एक पारदर्शक खनिज स्फटिक) घ्या. मात्र परीक्षकांपुढे मोजमाप आणि आलेख ठेवायचा असेल, तर साखरेला तोड नाही.

कॅल्साइटमध्ये पाहण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. १६६९ मध्ये कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या या स्फटिकाबद्दल लिहिलं: त्यातून पाहिलं की प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक वर्तमानपत्रावर ठेवा. एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यात प्रत्येक अक्षर साधारण एक मिलिमीटर अंतराने दुहेरी दिसतं. तुकडा जागच्या जागी फिरवला, की एक अक्षर स्थिर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं. आता वर ध्रुवक फिल्म (एकाच दिशेची कंपनं पुढे जाऊ देणारी पारदर्शक पट्टी) धरून ती फिरवा. आधी एक प्रतिमा नाहीशी होते, पाव फेऱ्यानंतर दुसरी. दोन्ही किरण ध्रुवित आहेत आणि त्यांच्या दिशा काटकोनात आहेत, हे मुलं स्वतःच ओळखतात.

डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांच्याकडे फिल्म नव्हती. त्यांनी एका स्फटिकामागे दुसरा स्फटिक धरला. दोन्ही एकाच दिशेत असताना प्रतिमा दोनच राहतात. एक फिरवू लागलं की चार होतात, काही ठळक, काही फिक्या. पाव फेऱ्याला पुन्हा दोन. असं का होतं ते आपल्याला कळलेलं नाही, हे त्यांनी १६९० च्या ग्रंथात मोकळेपणाने नोंदवलं. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जमल्यास दोन तुकडे घ्याच.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट सापडतो, पण दुधाळ तुकडा इथे कामाचा नाही. अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. हा खनिज मऊ असतो, नाण्यानेही ओरखडा उठतो. मऊ कापडात ठेवा आणि लिंबाने किंवा व्हिनेगरने कधीही पुसू नका, पृष्ठभाग विरघळतो.

काचेचा प्रयोग जवळजवळ फुकटात होतो. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश कॅल्साइटमधून पाहिला. स्फटिक फिरवताना दोन प्रतिमांची ठळकता बदलत गेली, म्हणजे नुसत्या परावर्तनानेही प्रकाश ध्रुवित होतो. काचेसाठी आपाती कोन (काचेला लंब असलेल्या रेषेपासून मोजलेला किरणाचा कोन) सुमारे ५६ अंश लागतो. आरसा चालत नाही. साध्या काचेमागे काळा कागद लावा. प्रकाशासाठी टॉर्च वापरा, सूर्याचं प्रतिबिंब मुलांना पाहू देऊ नका. माझी अडचण एवढीच, की प्रदर्शनाच्या गर्दीत प्रत्येकाचा डोळा योग्य कोनात आणणं कठीण जातं.

अभ्रकाचं पान दोन ध्रुवकांमध्ये धरलं तर सुरेख रंग दिसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांनी ते १८११ मध्ये दाखवले. पण त्यांचं स्पष्टीकरण शाळेच्या पातळीवर अवघड आहे, त्यामुळे मी तो प्रयोग जोडीला ठेवीन.

आता साखर. १८१५ मध्ये झाँ-बातिस्त बियो यांना आढळलं, की टर्पेंटाइन, साखरेचं पाणी यांसारखे द्रवही ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतात. द्रवात स्फटिकासारखी रचना नसते, म्हणजे हा गुण रेणूचाच असला पाहिजे. हा विचार फार मोठा आहे; १८४८ मध्ये पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारांवर केलेलं काम त्याच वाटेवरचं.

उभं, सपाट तळाचं काचेचं भांडं, खाली-वर एकेक ध्रुवक फिल्म, तळाशी पिवळा प्रकाश आणि कोनमापक, एवढं पुरतं. १०० मिली द्रावणात ५० ग्रॅम साखर असेल, तर १० सेंमी उंचीच्या स्तंभात सुमारे ३३ अंशांचं वलन (ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरण्याचा कोन) मिळतं. साखर निम्मी केली तर वलनही जवळपास निम्मं. पांढरा प्रकाश घेतला तर निळा रंग तांबड्यापेक्षा जास्त वळतो, आणि वरची फिल्म फिरवताना पाकाचा रंग बदलत जातो.

वेळ असेल तर लिंबू पिळून पाक बराच वेळ उकळा. साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते, आणि पुरेशी तुटली की आधी उजवीकडे असलेलं वलन कमी होत डावीकडे जातं. थंड झाल्यावर पुन्हा तितकंच आकारमान करूनच मोजा, नाहीतर आटल्यामुळे आकडे फसवतील.