चट्टे कशाचे हे ठरलेलं नसताना: सायक्लोस्पोरिन की लाइट?

मलमं लावून थकल्यावर डॉक्टर म्हणतात, "इसब असावा, कदाचित सोरायसिस." मग समोर दोन गोष्टी येतात: प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल, किंवा फोटोथेरपी, म्हणजे त्वचेवर अतिनील प्रकाश टाकण्याचा उपचार, जिला आपल्याकडे नुसतं 'लाइट' म्हणतात. मीही याच पेचात होतो.

सोयीचं बघायचं तर कॅप्सूल सरस. काही आठवड्यांत खाज बसते, झोप लागते. बीपी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी) मात्र तपासत राहावं लागतं, आणि मूत्रपिंडाच्या काळजीने डॉक्टर ती फार काळ चालवत नाहीत. लाइटसाठी सांगलीहून आठवड्यातून दोन-तीनदा मिरजेला जायचं, गॉगल लावून मशीनमध्ये उभं राहायचं. सुरुवात थोड्या डोसाने, मग हळूहळू वाढ. फरक दिसायला महिना-दोन महिने जातात. कामावर सारखी सवलत मागताना माणूस ओशाळतो.

तरी माझा निर्णय फिरला तो बायोप्सीच्या, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, रिपोर्टमधल्या एका ओळीने: मायकोसिस फंगॉइडिस नाकारता येत नाही. हो नाही, नाहीही नाही. हा त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. बहुतेकांत संथ असतो, पण सुरुवातीला हुबेहूब इसबासारखा दिसतो, बहुधा कंबर, नितंब, मांड्या अशा ऊन न लागणाऱ्या जागी. या रोगाला धाकात ठेवतात त्या शरीरातल्याच निरोगी टी-पेशी, आणि सायक्लोस्पोरिन नेमकं त्यांनाच दाबतं. इसब समजून ते दिलं आणि लिम्फोमा झपाट्याने पुढे गेला, अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मला सर्वांत खुपलं ते हे, की आधी बरं वाटू शकतं. खाज थांबली की पेशंट तक्रार करत नाही, घरचे निर्धास्त होतात, आणि चट्टे पुन्हा निरखून बघायचं राहून जातं.

लाइटमध्ये ही धास्ती नाही. 311 नॅनोमीटरच्या आसपासचा नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील प्रकाशाचा एक अरुंद पट्टा, इसबाला चालतो, सोरायसिसला चालतो, आणि मायकोसिस फंगॉइडिसच्या पातळ चट्ट्यांवर तर तो नेहमीच्याच उपचारांपैकी आहे. जाड चट्ट्यांना तो कमी पडतो, काखेत-जांघेत नीट पोचत नाही. माझी खाज त्याने सावकाश गेली, पण गेली तेव्हा चट्टेही फिके पडलेले दिसत होते.

काहींना मेथोट्रेक्सेट सुचवतात. तेही प्रतिकारशक्ती दाबणारं, पण कमी डोसात या लिम्फोमावरही वापरतात. म्हणून ही सगळी औषधं एकाच माळेचे मणी समजू नयेत.

बायोप्सीत सोरायसिस स्पष्ट आला असेल आणि तुम्ही जत-आटपाडीकडे राहत असाल, तर कॅप्सूलला माझा विरोध नाही. तिकडून आठवड्यातून तीनदा मिरज गाठणं सोपं नाही. पण रिपोर्ट लोंबकळत असेल तर, मला वाटतं, कॅप्सूल थोडी थांबू शकते. पुन्हा बायोप्सी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. या आजारात ती अनेकदा दोन-तीनदा करावी लागते. स्टिरॉइडचं मलम आधी काही आठवडे बंद ठेवायचं का, हेही विचारा, कारण त्याने तुकड्यातल्या खुणा पुसट होतात. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या ट्यूबचं नावसुद्धा सांगा, गजकर्णाच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असतं.