200 बॅगा मुरघास आणि आमचे 75,000 रुपये

आमचा गोठा विट्याच्या वरच्या अंगाला, खानापूरच्या माळावर. माझे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला तमिळनाडूत असतात, या भागात घरटी कुणी ना कुणी असतंच. गोठा मी आणि आत्या बघतो. लहानमोठी 9 जनावरं, त्यातल्या 6 गाई एप्रिलात दुधात होत्या. हे लिहायला बसले कारण आम्हाला बुडवणारा माणूस अजून मुरघास, म्हणजे हिरवा मका कापून हवाबंद बॅगेत मुरवलेली वैरण, विकतोय. गेल्या आठवड्यात कडेगावकडच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी त्यालाच 30,000 रुपये इसार दिलाय आणि गाडी यायची आहे. त्यांना फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितेय.

आमच्याकडं वैरणीचं सगळं गणित कारखान्यांवर. ऊसतोड चालू असली की कृष्णाकाठाकडून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, येतं. दुभत्या गाईला नुसत्या वाढ्यावर ठेवू नये, त्यातलं ऑक्झॅलेट तिच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, पण निदान पोट भरतं. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की तेही बंद. शाळवाचा कडबा होता, पण त्यावर दूध निघत नाही. हत्तीघास 10 गुंठे, आणि टेंभू योजनेचं पाणी आवर्तनानं येतं, ते उन्हाळ्यात पुरत नाही. खरिपातला मका चिकात असताना कापून मुरवायचा, असं मालक दर फोनला सांगत होते. दाण्याला गिऱ्हाईक होतं म्हणून मी कणसं मोडून विकली. तेव्हा उन्हाळ्याला मुरघास विकतच घ्यायचा होता. पावसापर्यंत 75 दिवस धरले, रोज सव्वाशे-दीडशे किलो, म्हणजे 10 टन.

शेजारच्या गावात एकानं आदल्या वर्षी या माणसाकडून माल घेतला होता आणि तो चांगला निघाला होता. तेवढ्या ओळखीवर मी फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकलवर एक बॅग घेऊनच दारात आला. अंगणात फोडली. पिवळसर हिरवा रंग, आंबट-गोड वास, कुट्टी बारीक आणि हातात घेतली की दाणे चमकायचे. गाईनं पाटी चाटून पुसून खाल्ली. "वैनी, साठ दिवस मुरल्याला माल हाय, बिनघोर राव्हा," म्हणाला. मोबाईलवर मका कापतानाचा व्हिडिओ दाखवला. दर पोहोच साडेसात रुपये किलो, 50 किलोच्या 200 बॅगा, एकूण 75,000. इसार 30,000. ज्या खात्यावर पैसे पाठवायला सांगितले त्यावर नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. विचारलं तर म्हणाला, भावाचं आहे. तिथंच मी थांबायला पाहिजे होतं.

गाडी दुपारी येणार होती, आली रात्री साडेदहाला. हमालांची घाई, ड्रायव्हरला अजून पुढं एक खेप. मी दोन बॅगा फोडून बघितल्या, दोन्ही चांगल्या. काट्याची पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर फोटो आला, वजन बरोबर 10 टन. राहिलेले 45,000 तिथंच पाठवले. बिल उद्या देतो म्हणाला.

त्या दोन्ही बॅगा वरच्या थरातल्या होत्या, दारातून हाताला येतील अशा. आठवडाभर आम्ही तोच थर वापरला आणि दूधही चांगलं चढलं. आठव्या दिवशी खालच्या थरातली बॅग फोडली. आत काळपट, चिकट कुट्टी आणि पांढऱ्या-हिरव्या बुरशीचे गोळे. हात आत घातला तर गरम लागत होतं. आत्यांनी नाकाला लावलं आणि म्हणाल्या, "ही मुरल्याली न्हाय, ही कुजल्याली हाय. जनावराला घालू नगं." मी ऐकलं नाही. मुरघासाला वास असतोच असं मला वाटलं, आणि दुसरी वैरण घरात नव्हती. बुरशीचे गोळे काढून टाकून बाकीचं चार दिवस घातलं.

दोन्ही वेळचं मिळून 68 लिटर जाणारं दूध 51 वर आलं. दोन गाई पातळ हगायला लागल्या. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरतात, आमचं एसएनएफ 8.1 लागलं, म्हणजे जे दूध उरलं होतं त्याचाही दर कापला गेला. पाचव्या दिवशी सात महिन्यांची गाभण गाय गाभडली, गर्भ पडला. ती आमच्याच गोठ्यात जन्मलेली, आत्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आत्या दिवसभर तिच्यापाशी बसून होत्या.

डॉक्टर ठामपणे काही बोलले नाहीत, आणि ते प्रामाणिकपणे बोलले म्हणून मी त्यांची आभारी आहे. नीट न मुरलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचे जंतू वाढतात, त्यांनी जनावर गाभडू शकतं, बुरशीनंही त्रास होतो. पण तपासायला नमुनाच नसेल तर याच कारणानं झालं असं लिहून देता येत नाही. ज्या बॅगेतलं घातलं ती मी तोवर उकिरड्यावर रिकामी केली होती. बुरशी वरवर काढून उपयोग नसतो, हेही त्यांनीच सांगितलं. अफ्लाटॉक्सिन दिसत नाही, गाईच्या पोटातून दुधात उतरतं, दूध उकळलं तरी जात नाही. ते दूध डेअरीला जातं आणि आमच्या घरातली पोरंही पितात.

आम्हाला नेमकं काय विकलं गेलं हे नंतर कळलं. मूठभर माल बादलीभर पाण्यात टाकून ढवळला. पाला आणि ताटाचे तुकडे वर तरंगतात, दाणा तळाला बसतो. वरच्या थरातल्या मालाचा दाणा बादलीच्या तळाला दिसत होता. खालच्या थरातल्या मालाचा जवळजवळ नाहीच. कणसं मोडून घेतलेला मक्याचा वाळला कडबा कुट्टी करून, पाणी मारून भरला होता. मुरघास मुरतो तो मक्यातल्या साखरेवर. साखरेचं आम्ल होतं, आम्लानं माल टिकतो. कणीस आणि हिरवेपणा दोन्ही गेलेल्या ताटात ती साखर उरत नाही, मग माल आंबत नाही, कुजतो. सांगलीला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून सामू, म्हणजे आंबटपणाचा पीएच, मोजायच्या पट्ट्या आणल्या. मक्याच्या चांगल्या मुरघासाचा सामू 3.8 ते 4.2 असतो. वरच्या बॅगेचा 4 आला, खालच्या बॅगांचा साडेपाचच्या आसपास.

मग वजन. ताणकाट्याला एकेक करून 20 बॅगा लावल्या, 41 ते 46 किलो भरल्या, सरासरी 43. म्हणजे 10 टन नव्हे, 8,600 किलो माल आला. पावतीचा फोटो मोठा करून बघितला तर त्यावरचा गाडीनंबर आमच्या दारात आलेल्या गाडीचा नव्हताच. तो आकडा त्या रात्रीही त्याच फोटोत होता, मी फक्त वजन वाचलं.

पण मापापेक्षा मोठी लूट पाण्यात होती, आणि ती मला आधी कुणी समजावली नव्हती. घरात मालकांचा सोनं तोलायचा जुना छोटा काटा आहे. त्यावर बरोबर 100 ग्रॅम माल मोजला, कागदावर पसरून उन्हात ठेवला आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला. उरले 22 ग्रॅम. दाणा निम्मा चिकात, निम्मा घट्ट असताना कापलेल्या मक्यात कोरडा भाग 33 च्या आसपास राहतो. गाय दूध देते ती या कोरड्या भागावर, पाणी तर ती हौदातही पिते. ठरल्याप्रमाणे माल आला असता तर मला 3,300 किलो कोरडी वैरण मिळायची, किलोला पावणेतेवीस रुपयांनी. प्रत्यक्षात आली 1,900 किलोसुद्धा नाही, म्हणजे जवळजवळ 40 रुपये किलो, आणि तीही कुजलेली.

त्याला फोन केला तर पहिलं वाक्य, "तुम्ही बॅगा उन्हात ठेवल्या, उंदरानं भोकं पाडली असतील." दुसऱ्या फोनला म्हणाला, वरचा माल चांगला निघाला ना, मग? तिसरा फोन त्यानं उचलला नाही. भोकाची सबब तो सगळ्यांना सांगतो, कडेगावच्या बाईंनीही ती दुसऱ्या कुणाकडून ऐकली होती. एकदा माल तुमच्या दारात उतरला आणि पैसे गेले की ती खोडता येत नाही.

म्हणून त्या बाईंना मी सांगितलं ते हे. गाडी दिवसा बोलवा, रात्री आली तर सकाळपर्यंत उभी राहू दे, तिचं थांबायचं भाडं देणं परवडतं. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन आपल्या जवळच्या काट्यावर, आपण समोर उभं राहून. बॅगा फोडायच्या त्या मधल्या आणि तळाच्या थरातल्या, निदान पाच, आणि फोडताना गाडीचा नंबर दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ करायचा. मुठीत घट्ट दाबा. बोटांतून पाणी निथळलं तर माल फार ओला आहे. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि तळवा फक्त ओलसर राहिला तर ठीक. हाताला गरम लागणारी बॅग परत गाडीत. मुरायला 45 दिवस लागतात, तेव्हा भरल्याची तारीख कागदावर लिहून घ्या. बिल हातात पडल्यावरच पैसे, आणि ज्याच्याशी व्यवहार त्याच्याच नावावर. प्रत्येक खेपेतला दोन मुठी माल पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवा. मला तो नमुना असता तर डॉक्टरांचा कागद मिळाला असता.

बिल नाही म्हणजे सगळं संपलं असं मीही धरून चालले होते. वकिलांनी सांगितलं की स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः राबून गोठा चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. 1915 या क्रमांकावर आधी विचारता येतं. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पैसे गेल्याच्या नोंदी, पावतीचा तो फोटो आणि बॅगा जोखतानाचे फोटो जोडून मी अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

चांगल्या निघालेल्या 22 बॅगा वापरल्या, बाकीच्या खड्ड्यात टाकून वर शेणमाती टाकली. यंदा पहिल्या पावसावर दीड एकर आफ्रिकन टॉल जातीचा मका पेरलाय, यातलं एकही कणीस विकायचं नाही. गाभडलेली गाय परवा माजावर आली. आत्यांनी सकाळी सकाळी हाक मारून दाखवली. डॉक्टर म्हणाले, घाई नको, हा माज जाऊ दे, तिला अजून थोडी भरू दे.