अल्टर करू की नवीन घेऊ?
स्वतःची स्टाइल हवीये पण कपाट आधीच ओसंडतंय, मग आहेत तेच कपडे अल्टर करू की मोजके नवीन घेऊ, असं एकीने विचारलं.

खर्चात अल्टरेशन सरळ जिंकतं. फिटिंगचं म्हणाल तर कमरेत, लांबीला कमी करणं सोपं, सैल करायचं तर शिलाईत मार्जिन, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, हवं, कपडा उलटा करून आधी बघा, आणि खांदा उतरत असेल तर नादच सोडा, बाही उसवून परत लावावी लागते. काखेत विरलेल्या कापडावर तर पैसे घालूच नका.

नवीन घेताना मेहनत कमी वाटते, पण घरातल्या दोन-तीन कपड्यांवर चालत नसेल तर तो पीस हँगरलाच लटकणार, सेल असो नाहीतर नसो.

रंग आवडतो पण फिटिंग खटकतं त्यांनी टेलर गाठा. माप किंवा कामच बदललंय त्यांनी खुशाल नवीन घ्या, मोजकेच!