निवासी शाळेचे दहा महिने: फीमधलं समुपदेशन आणि रविवारचा फोन

मुलगा गेल्या जूनमध्ये सातवीला निवासी शाळेत गेला. मेस, मैदान, निकाल यांबद्दल पालक भरपूर लिहितात, ते मी सोडते. (मेस चांगली आहे, भाकरी रोज असते.) मला लिहायचंय ते फीच्या पावतीतल्या एका ओळीबद्दल: समुपदेशन व कल्याण, ४,५०० रुपये.

दिवाळीपर्यंत माझं मत होतं की हे पैसे फुकट गेले. समुपदेशक बाई शनिवारी ११ ते १ यायच्या आणि नेमकी त्याच वेळी सातवी-आठवीची कवायत. कवायत सोडायची तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी हवी, आणि चिठ्ठी मागायची तर कारण सांगायला हवं. बारा वर्षांचं पोर सगळ्या वर्गासमोर काय कारण सांगणार?

सुटीआधी डिपॉझिटमधून कापलेल्या औषधांचा हिशेब आला, ६४० रुपये. आमच्या घरात पै-पैचा हिशेब लागतो, म्हणून तपशील मागवला. जुलैपासून सात वेळा पोटदुखीचं औषध. कॅलेंडर काढून तारखा लावल्या, तर सातही नोंदी रविवार रात्रीच्या. रविवार हा घरी फोन करायचा वार.

दिवाळीत तो घरी आल्यावर दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी करंज्या करताना सहज विचारलं, तेव्हा म्हणाला, "आई, मागे रांग असते ना."

फोन रेक्टर सरांच्या टेबलावर होता. सात मिनिटं मिळायची. समोर सर, मागे दहा-पंधरा मुलं. मी विचारायचे, जेवलास का? तो म्हणायचा, हो. मला वाटायचं, रमला पोरगा. तो ती सात मिनिटं रडू आवरत होता आणि रात्री पोट धरून सिक रूममध्ये जात होता. मुलांचा ताण असा पोटात उतरतो. तपासणीत काही सापडलं नाही तरी दुखणं खोटं नसतं. वहीत सात नोंदी होत्या, पण त्या एकत्र कुणी वाचल्याच नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही.

तिथल्याच व्हरांड्यात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचं पोस्टर आहे, क्रमांक १४४१६. २०२२ पासूनची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात असे क्रमांक वसतिगृहांत ठळक लावायला सांगितलंय. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमायलाही. पोस्टर ठळकच आहे. पण मुलांना मोबाइल बंदी. मग तो क्रमांक फिरवायचा कुठून? रेक्टर सरांसमोरूनच.

औषधांचा तपशील जोडून मुख्याध्यापकांना पत्र दिलं आणि भेटायला गेले. तिथे समुपदेशक बाईंबद्दलचं माझं मत चुकीचं निघालं. वेळ बदलून द्या असं त्यांनी स्वतः जूनमध्येच लेखी मागितलं होतं. आता त्या बुधवारी चारनंतर बसतात, चिठ्ठी लागत नाही. मुलगा तीनदा जाऊन आला. काय बोलला ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, आणि तसंच असायला हवं.

फोन नोव्हेंबरअखेर वाचनालयाशेजारच्या खोलीत गेला. दाराला काच आहे, मूल दिसतं पण ऐकू येत नाही. खर्च आला तो थोड्या वायरचा. पहिल्याच रविवारी तो मोकळेपणाने रडला, मग म्हणाला, "आता बरं वाटतंय, ठेवू का?" डिसेंबरपासून सिक रूममध्ये त्याची एकच नोंद आहे, तापाची.

मेसमधल्या मावशींबद्दलही लिहायला हवं. रविवारी तो ताट तसंच ठेवतो हे त्यांनी जुलैतच हेरलं होतं, त्या शेजारी बसून दोन घास भरवायच्या. पण ही गोष्ट कुणाला सांगायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच निकालात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलंय. मावशींना एकदाही मिळालेलं नाही. मार्चच्या पालकसभेत मी हे विचारलं, उत्तर 'बघतो' असं आलं.

पुढच्या वर्षाची फी एप्रिलअखेर भरायची आहे. मी भरणार आहे, ४,५०० सकट. सोबत लेखी दिलंय की सिक रूमची नोंद दर महिन्याला पालकांना पाठवा, आणि फोन पुन्हा त्या टेबलावर न्यायचा झाला तर आधी आम्हाला विचारा.